मंगळवारचा गुरुवार

कोर्टातल्या नकलांच्या खोलीत एकतीस वर्षं बसलेल्या माणसाला लोकांनी 'खरी नक्कल' असं नाव ठेवलं, यात नवल काही नव्हतं. तोच शिक्का ते दिवसातून शंभरदा मारत. निकालपत्र असो, वाटणीपत्र असो नाहीतर घटस्फोटाचा कागद, मुळात जे असेल ते जसंच्या तसं उतरवायचं, खाली शिक्का मारायचा आणि सही ठोकायची. मूळ कागदात न्यायाधीशांनी एखाद्या पक्षकाराच्या आडनावाची वाट लावली असेल, तर नकलेतही तिची तशीच वाट लागे. "अहो, चूक दिसतेय ना तुम्हाला?" असं कुणी विचारलं की ते म्हणत, "दिसतेय. पण ती माझी नाही." या एका वाक्यावर त्यांनी नोकरी काढली, संसार केला आणि डोक्यावरचे केसही पांढरे केले.

अशा माणसानं आयुष्यात एकदाच कागदावरची एक गोष्ट बदलली. त्याची ही हकिकत. ती सांगताना मला त्यांचा राग येतो आणि कीवही येते, आणि कुठली आधी येते ते अजून ठरवता आलेलं नाही.

लढाई संपून चार वर्षं झाली, तेव्हा परदेशी कोर्टाची माणसं शहरात आली. बैल गेला आणि झोपा केला, असं म्हणणारे म्हणालेच, पण तेही रांगेत उभे राहिले. बंद पडलेल्या विमा कचेरीचा वरचा मजला त्या माणसांनी भाड्यानं घेतला. दहा टेबलं आली, लोखंडी कपाटं आली, आणि दर टेबलावर कागदी रुमालांचा एक खोका आला, रडणाऱ्यांसाठी. नक्कलनवीस तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांना परदेशी भाषा येत होती, टायपिंग स्वच्छ होतं, आणि वर एकतीस वर्षांचं चारित्र्य होतं. त्यांना खिडकीजवळचं टेबल मिळालं. जिन्यानं जो कोणी वर येईल तो आधी त्यांच्यासमोर बसायचा.

त्यांचं काम होतं 'पहिलं पान'. नाव, पत्ता, गेलेल्या माणसाशी नातं, घटनेची तारीख, घटनेची जागा, आणि खाली अर्ध्या पानात काय घडलं ते थोडक्यात. पान भरलं की ते वकिलांकडे जाई. पण त्याआधी नक्कलनवीस एक गोष्ट पाहत: तारीख. कोर्टाचा अधिकार ज्या करारानं आला, तो करार सहीच्या दिवसापासून, म्हणजे एका बुधवारपासून लागू झाला होता. मंगळवारच्या रात्रीचे बारा वाजले आणि कायदा सुरू झाला. त्याच्या आधी जे काही झालं ते कायद्याच्या लेखी झालंच नव्हतं. तसली पानं पिवळ्या फायलीत जात. त्या फायलीवर 'कक्षेबाहेर' असं लिहिलेलं होतं. पिवळ्या फायलीतल्या माणसाला चहा मिळे, आभाराचं छापील पत्र मिळे आणि जिना मिळे.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी वकीलबाईंना विचारलं होतं. जाड भिंगांचा चष्मा लावणारी, सदा झोप अपुरी असल्यासारखी दिसणारी ही बाई मनानं चांगली होती. तिनं समजावून सांगितलं, "कायदा आपल्या जन्माच्या मागे जाऊ शकत नाही. गेला तर तो सूड होतो." नक्कलनवीसांना हे पटलं. चूक दिसत होती, पण ती त्यांची नव्हती.

त्यांनी घरी येऊन हे बायकोला ऐकवलं. ती दवाखान्यात परिचारिका होती, लढाईच्या काळात तिनं चौदा-चौदा तास ड्यूटी केली होती. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "हो का? मग मारणाऱ्यांनी करार लागू झालाय का विचारून मारलं होतं का?"

"अगं, कुठंतरी रेघ मारावीच लागते."

"मारा की. रेघ मारणारे कधी रेघेवर राहत नाहीत, एवढंच."

बायकोचं म्हणणं खोडता आलं नाही की गप्प बसायचं, हा त्यांच्या संसाराचा कायदा होता आणि तो लग्नाच्या तारखेपासून लागू होता.

बटणवाली आली ती पाचव्या महिन्यात. सराफ गल्लीच्या तोंडाशी तिचं अरुंद दुकान होतं. बटणं, चेन, हुक, रिळं, अस्तराच्या पट्ट्या. अख्ख्या शहराच्या कपड्यांची तोंडं तिच्या हातून बंद झाली होती. नवरा लवकर गेलेला, एकच मुलगा, वय एकोणीस, पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला. नक्कलनवीस तिला ओळखत होते. त्यांच्या प्रत्येक सदऱ्याचं तुटलेलं बटण तिनंच जुळवून दिलं होतं आणि कधी चारांत एक वेगळं लागू दिलं नव्हतं.

ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि सांगू लागली. मंगळवार होता. मंगळवारी तिचं दुकान बंद असे, म्हणून ती घरी होती. चारच्या सुमाराला दार वाजलं. दारात एक अधिकारी होता आणि मागे चार शिपाई. अधिकाऱ्यानं आधी पाणी मागितलं. तिनं दिलं. तो उभ्याउभ्या सगळं पाणी प्यायला, त्यानं आभार मानले, पेला परत दिला आणि मग मुलाला घेऊन गेला. तो चेहरा ती मेल्यावरही विसरणार नव्हती.

नक्कलनवीस टाइप करत होते. 'मंगळवार' टाइप केल्यावर त्यांचे हात थांबले. चार वाजता नेलं. कायदा बारा वाजता सुरू झाला. आठ तास.

ती सांगतच होती, आणि त्यांनी पुन्हा टाइप करायला घेतलं. सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "भाऊ, आता मला कुठल्या टेबलावर जायचं?"

पिवळी फाईल त्यांच्या डाव्या हाताशी होती. आतापर्यंत त्यांनी दोनशेच्या वर माणसं त्या फायलीत घातली होती. पण त्या दोनशे जणांनी त्यांच्या सदऱ्याला बटणं लावली नव्हती, असं म्हणा हवं तर. माणूस तत्त्वापायी दोनशे वेळा दगड होतो आणि ओळखीपायी एकदा विरघळतो, आणि विरघळतो तिथंच नेमका घोटाळा करून ठेवतो.

त्यांनी दारं-खिडक्यांकडे पाहिलं. मग पुढे वाकून म्हणाले, "ताई, तो गुरुवार होता."

"नाही हो. मंगळवारच. दुकान बंद—"

"ताई, ऐका माझं. मंगळवार सांगितलात तर हे लोक तुमचं काही ऐकणार नाहीत. चहा देतील आणि घरी पाठवतील. गुरुवारी तुमच्याच गल्लीतली अकरा माणसं नेली. त्यांचा खटला उभा राहतोय. तुमचा मुलगा त्यांच्यात बारावा. तारीख बदलल्यानं माणूस बदलत नाही. तोच अधिकारी, तेच दार, तोच पेला."

बुधवार का नाही, तर बुधवार फार काठावरचा. तिथं वकील खोदून विचारतात. खोटं बोलायचंच तर जरा आतलं बोलावं, असा त्यांनी शहाणपणा केला. जन्मात कधी खोटं न लिहिलेल्या माणसाचा हा शहाणपणा.

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "तुम्ही माझ्या भल्याचंच सांगाल."

त्यांनी कागद यंत्रातून काढला, चार तुकडे करून खिशात घातला आणि नवं पान लावलं. मंगळवार गेला, दुकान बंद असण्याचं वाक्य गेलं, आणि आणखीही काही बारीकसारीक गेलं, कारण घाईत तेवढंच उतरलं. पान वकीलबाईंकडे गेलं. तासाभरानं ती स्वतः उठून आली. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जाग दिसत होती. गुरुवारच्या अकरा जणांना नेताना बघणारे साक्षीदार होते, पण सगळे लांबचे, फटीतून पाहिलेले. अधिकारी स्वतः तिथं हजर होता, हे सांगणारं कुणीच नव्हतं. "ही बाई त्याच्याशी बोलली आहे. हिच्यावर अख्खा आरोप उभा राहील," ती म्हणाली. नक्कलनवीस घरी गेले, दोनदा भात वाढून घेतला आणि बायकोला म्हणाले, "आज एक चांगलं काम झालं." कुठलं, ते सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी मास्तर आले. मास्तर म्हणजे गल्लीच्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांचा धाकटा भाऊ त्या अकरांत होता. पण ते आले होते शाळा जाळल्याबद्दल सांगायला, तो खटला वेगळा, वकील वेगळे, कपाटही वेगळं. मास्तरांना सगळं पहिल्यापासून सांगायची सवय. आग कशी लागली हे सांगता सांगता ते गुरुवारवर आले. "गुरुवारी साडेतीनला मी बटणवाल्या ताईंच्या दुकानात काळं रीळ घेत होतो. ट्रकचे आवाज आले. ताईंनी मला आत ओढलं आणि शटर खाली घेतलं. साडेपाचपर्यंत आम्ही दोघं आत अंधारात बसून होतो. त्या बाईमुळे मी आज तुमच्यासमोर आहे. हे लिहा."

मुलाला नेऊन दोन दिवस झाले होते तरी ती दुकान उघडून बसली होती. तो सुटला तर आधी दुकानावरच येईल, असं तिला वाटत होतं. मास्तरांना तिनं काही सांगितलं नव्हतं. त्या दिवसांत कुणी कुणाला काही सांगत नसे.

नक्कलनवीसांनी मनातल्या मनात तास मोजले. हे वाक्य कागदावर आलं तर साडेतीन ते साडेपाच बटणवाली दुकानात होती, आणि तिच्या जबाबाप्रमाणे चार वाजता ती घराच्या दारात अधिकाऱ्याला पाणी देत होती. वाक्य गाळावं, तर मास्तर जबाब वाचूनच सही करणार. उठून वकीलबाईंकडे जावं आणि सांगावं, तर स्वतःची करणी सांगावी लागणार. नोकरी जाईल, खटला होईल, एकतीस वर्षांचं नाव मातीत जाईल. पुढे कोर्टात चारशेवर जबाब गेले. ते सगळे वाचलेला माणूस जगात एकच होता, आणि तो खिडकीजवळ बसून घाम पुसत होता.

त्यांनी ते वाक्य टाइप केलं. जसंच्या तसं. एक खोटं पुरे झालं, असं स्वतःला बजावलं. म्हणजे बघा, जिथं हात आवरायचा तिथं माणसानं हात घातला, आणि जिथं तोंड उघडायचं तिथं खरी नक्कल केली. कानाला खडा लावायचा तोही चुकीच्या वेळी.

त्यानंतरची चार वर्षं त्यांना नीट जेवण गेलं नाही. बटणवालीला मात्र पुन्हापुन्हा बोलावलं जाई. तपासनीस आला, त्याला तिनं गुरुवार सांगितला. वकीलबाईला सांगितला. मनाचं दुखणं जाणणारी डॉक्टर आली, तिला सांगितला. साक्षीच्या आधी तयारी झाली, तिथं सांगितला. जिन्यात दोघांची गाठ पडे तेव्हा ती हलकेच मान हलवी. ते मान खाली घालून टेबलाशी जात.

खटला चालला दोन समुद्रांपलीकडच्या शहरात. तिथले न्यायाधीश उंटावरून शेळ्या हाकत होते, असं शहरातले लोक म्हणत. इथं नगरपालिकेच्या सभागृहात मोठा पडदा लावला होता. साक्षीदाराला त्रास होऊ नये म्हणून त्याचा चेहरा पुसट करत, आवाज बदलत, नावाऐवजी आकडा देत. एवढी सगळी काळजी घेऊन झाल्यावर आकडा सत्तावीस म्हणाला, "माझं बटणांचं दुकान आहे, मुलगा पंपावर होता." सभागृहातली दोनशे डोकी एकदम वळली. शहरात बटणांचं दुकान एकच होतं.

समोरच्या पक्षाचा वकील अतिशय सभ्य माणूस होता. त्यानं आवाज चढवला नाही. "बाई, गुरुवारी दुपारी तुम्ही एका माणसाचा जीव वाचवला. आठवतं?"

पुसट चेहरा हलला नाही.

"शाळेचे मुख्याध्यापक. साडेतीन ते साडेपाच, शटरमागे. शाळेच्या खटल्यातल्या जबाबात त्यांनीच सांगितलंय. त्यांचं खोटं आहे का?"

"नाही," बदललेला आवाज म्हणाला. "मास्तर खोटं बोलत नाहीत."

"मग चार वाजता घराच्या दारात कोण होतं?"

"मी होते."

"बाई, तुम्ही दुकानात होतात. तुम्ही काहीच पाहिलेलं नाही. ही तारीख तुम्हाला कुणी पढवली?"

नक्कलनवीस सभागृहात मागच्या रांगेत होते. त्यांनी खुर्चीचा दांडा धरला. आता नाव येणार आणि सुटका होणार, असं त्यांना वाटलं. त्यांना ते हवंही होतं आणि नकोही होतं.

"कुणी नाही," ती म्हणाली. "माझीच चूक झाली."

निकाल वर्षानं आला. आठशे पानांत सराफ गल्लीला अडीच पानं होती. एकमेव प्रत्यक्ष साक्षीदार विश्वासार्ह नसल्यामुळे गुरुवारच्या घटनेत अधिकारी हजर होता हे निःसंशय सिद्ध होत नाही. अधिकारी सुटला. टीव्हीवर तो पायऱ्या उतरताना दिसला, कुणीतरी त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि तो प्यायला.

वकीलबाई निघण्याआधी नक्कलनवीसांना निरोप द्यायला आली. खोके बांधून झाले होते. बोलता बोलता तिनं सांगितलं, "तुम्हाला माहीत आहे का, करारावर सही सोमवारी व्हायची होती. पण दोन देशांच्या प्रतिनिधींचं खुर्च्यांवरून भांडण झालं, कोण कुणाच्या उजवीकडे बसणार यावरून. म्हणून सगळं दोन दिवस पुढे गेलं."

सोमवारी सही झाली असती तर मंगळवार आत आला असता. बाईला खोटं बोलावं लागलं नसतं. नक्कलनवीसांना त्या खुर्च्यांचा संताप आला, आणि ज्यांनी तोफा विकल्या पण ज्यांच्यासाठी पहिल्या पानावर रकानाच नव्हता त्यांचाही आला. पण संताप घरापर्यंत टिकला नाही. खुर्च्यांनी मंगळवार बाहेर ठेवला, हे खरं. पण मंगळवार फाडला कुणी? पिवळ्या फायलीत का होईना, तो खरा तर राहिला असता. त्यांनी तो खिशात घालून घरी नेला होता आणि न्हाणीघराच्या बंबात टाकला होता.

आणि सराफ गल्ली बटणवालीवर उलटली. "हिनं आपल्या एका पोरासाठी आमचे अकरा बुडवले," असं बायका तिच्या दुकानासमोरून जाताना मोठ्यानं म्हणत. चेन तुटली तर लोक बसनं शेजारच्या गावी जात, पण तिच्याकडे जात नसत. मास्तर तेवढे येत, रीळ घेत, पण त्यांनाही डोळे वर करता येत नसत. ती कुणाला काही बोलत नसे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तो ती खात होती, आणि बुक्क्या ज्याच्या वाट्याच्या होत्या तो समोरच्या रस्त्यानं छत्री घेऊन फिरायला जात होता.

नक्कलनवीसांनी शेवटी पत्र लिहिलं. कोर्टाला. सात पानी, सगळं खरं, खाली पूर्ण नाव आणि सही. साक्षीदार खोटी नव्हती, तारीख मी बदलली, मला शिक्षा करा. उत्तर सात महिन्यांनी आलं. कोर्टाचं कामकाज समाप्त झालं आहे. आपलं पत्र दप्तरखान्यात जमा केलं आहे. ते तीस वर्षांनंतर अभ्यासकांना पाहता येईल. सहकार्याबद्दल आभार. हे आभाराचं पत्र त्यांना तोंडपाठ होतं. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून त्यांनीच ते दोनशे लोकांच्या हातात दिलं होतं.

ते पत्र बायकोच्या हाती लागलं. तिनं ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही जेवत नव्हता ते हे. आणि मी आपली पोटाची औषधं देतेय."

"मी शिक्षा मागितली गं. त्यांच्याकडे ती द्यायची सोय नाही."

"अहो, कोर्ट आहे कुठे आता? दोन समुद्र ओलांडून पत्र पाठवलंत, आणि बटणवाली तीनशे पावलांवर आहे."

"भीती वाटते."

"वाटणारच. खाई त्याला खवखवे." मग ती जरा मऊ झाली. "आधी गल्लीला सांगा. तिच्या तोंडावर जाऊन रडू नका नुसते. तिचं नाव धुऊन मग तिच्याकडे जा."

मास्तरांनी शाळेच्या वर्गात अकरा घरांना बोलावलं. मोठी माणसं मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली. नक्कलनवीस फळ्याजवळ उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं. मंगळवार, पिवळी फाईल, फाडलेलं पान, मास्तरांचं वाक्य, सगळं. दोनदा पाणी प्यावं लागलं.

एका म्हाताऱ्यानं, ज्याचे दोन मुलगे गेले होते, विचारलं, "म्हणजे बाई खोटी नव्हती?"

"नव्हती. तिनं मला वाचवलं."

"आणि आमच्या गुरुवारी तो अधिकारी होता का नव्हता?"

"मला माहीत नाही. आता कुणालाच कळणार नाही."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं आमच्या मेलेल्यांत हात घालायला?" म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता.

मास्तर खिडकीतून बाहेर बघत होते. "मी त्या शटरमागे वाचलो," ते म्हणाले, "आणि ते मी अभिमानानं जाऊन सांगितलं." एक बाई उठून बाहेर गेली. मग हळूहळू सगळेच गेले. पण दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याची सून बटणवालीच्या दुकानात गेली आणि सहा काळी बटणं घेऊन आली. आठवडाभरात आणखी तिघी गेल्या. नक्कलनवीसांना लोक रस्त्यात टाळू लागले, एकानं तोंडावर थुंकल्यासारखं केलं, आणि त्यांना त्या रात्री बऱ्याच वर्षांनी गाढ झोप लागली.

पुढच्या मंगळवारी दुपारी ते तिच्या घरी गेले. दोन खोल्या, भिंतीवर मुलाचा पंपावरच्या ओळखपत्रातला फोटो मोठा करून लावलेला. तिनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. पेला त्यांनी तोंडाला न लावता खाली ठेवला, ते तिनं पाहिलं.

"गल्लीला सांगितलंत म्हणे," ती म्हणाली.

"हो. फार उशीर केला. ताई, माझी क्षमा मागायचीही लायकी नाही."

"असू द्या. तुम्ही त्याला पोटच्या पोरासारखं समजून केलंत. मला तेव्हाही राग नव्हता." ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "एक विचारायचं होतं. दुसऱ्या कुणाला विचारू शकत नाही. पहिल्या दिवशी मी तुम्हाला जे सांगितलं, ते आठवतं तुम्हाला?"

"शब्दन् शब्द." हे खरं होतं. हाच तर त्यांचा धंदा होता.

"मला आठवत नाही हो," ती म्हणाली. "इतक्यांदा गुरुवार सांगितला की डोळे मिटले की गुरुवारच दिसतो. आणि तो वकील म्हणाला ना, तुम्ही दुकानात होतात, तुम्ही काही पाहिलं नाही. तेव्हापासून मी दुकानातच असते. शटर खाली, अंधार, हातात काळं रीळ. आणि बाहेरून कुणी सांगतं, तुझ्या पोराला नेलं. मी घरी होते ना त्या दिवशी? दारात होते ना मी?"

"होतात ताई. मंगळवार होता. तुमचे केस ओले होते. तुम्ही नुकत्याच न्हाला होता."

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "आणि तो... जाताना त्यानं मागे वळून पाहिलं होतं का? मला वाटतं पाहिलं होतं. पण ते मी बघितलं, की मनानं रचलं?"

त्या अर्ध्या पानातली पहिली ओळ त्यांना दिसत होती, शेवटची दिसत होती, त्यांनीच फाडलेली. "पाहिलं होतं," ते म्हणाले. "कोपऱ्यावर. शिपायानं त्याचा दंड धरला होता तरी तो वळला. तुम्ही हात वर केलात. त्यानंही केला. हे तुम्ही मला सांगितलं, माझ्यासमोर बसून."

बटणवालीचे डोळे भरून आले. तिनं पदरानं पुसले, पुन्हा पुसले. मग ती थोडी पुढे सरकली आणि शांतपणे, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून, तिनं विचारलं, "भाऊ, हे खरं सांगताय, की हेही माझ्या भल्यासाठीच?"

नक्कलनवीसांनी तोंड उघडलं. दाखवायला त्यांच्याकडे कागद नव्हता.